मंडळी सोडू की काम सोडू?

प्रश्न नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या सेक्रेटरीने विचारला आहे. ती लिहिते: "काका, आमची मंडळी नाताळला ब्लँकेटं वाटते, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवते. पण ऊसतोडीला गेलेल्यांचा हिशोब मुकादमाकडे मागू या, नाहीतर नामंजूर झालेल्या वनदाव्यांचं (कसत्या जंगलजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांचं) अपील करू या म्हटलं की वडीलजन म्हणतात, राजकारण फाटकाबाहेर. मला हे काम जन्मभर करायचंय. मंडळी सोडू का? आणि तुम्ही लोक थकत कसे नाही?"

मंडळी सोडू नकोस, कामही सोडू नकोस. पण मंडळीच्या नावाने काम करू नकोस. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात वनदावे आणि मजुरांचे हिशोब करत मी म्हातारा झालो, आणि रविवारी उपासनेला अजून न चुकता जातो. दोन्ही एकाच माणसाला जमतं, ते या एका पथ्यामुळे. ते का पाळायचं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

तुझे वडीलजन भित्रे आहेत असं लगेच ठरवून टाकू नकोस. स्कँडिनेव्हियन मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आले, तेव्हापासून इथली मंडळी सेवेवर वाढली. शाळा, बोर्डिंग, चिंचपाड्याचा दवाखाना. सेवा केली की सगळे आभार मानतात. कलेक्टर येतो, सरपंच हार घालतो. हिशोब मागितला की कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते. शिवाय आपली संख्या थोडी, जमिनीचे ट्रस्टचे कागद अर्धवट, आणि कुठे मोर्चात चार ख्रिस्ती नावं दिसली की दुसऱ्या दिवशी धर्मांतराची आवई उठते. ही भीती पोकळ नाही. तिच्यावर हसशील तर वडीलजनांशी बोलणंच संपेल.

पण एक गोष्ट ते बोलत नाहीत, ती तुला ठाऊक असायला हवी. कितीदा तरी मुकादम मंडळीतलाच असतो. दानार्पणाच्या थैलीत त्याची नोट मोठी असते, आणि चर्चच्या पत्र्यांचा खर्च त्याने उचललेला असतो. राजकारण नको म्हणण्यामागे बऱ्याच वेळा एवढंच असतं.

म्हणून बायबलातलं मीखा संदेष्ट्याचं ते वचन घेऊन त्यांच्याकडे जाऊ नकोस. न्यायाने वागणं आणि नम्रपणे चालणं हे आपल्या प्रत्येक घरात कॅलेंडरवर छापून टांगलेलं आहे. त्याने कोणाचं काही हलत नाही. बायबलातल्याच नहेम्याचा पाचवा अध्याय काढ. तरुण संघात मोठ्याने वाच, मग वडीलजनांच्या बैठकीत वाच. दुष्काळात लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, पोरीबाळी दासी झाल्या. आणि सावकार कोण? परके नव्हेत, त्यांचेच भाऊबंद. नहेम्या त्यांच्यासाठी प्रार्थनासभा ठेवत नाही. तो सभा बोलावतो, शेतं आणि व्याज आजच्या आज परत करा म्हणतो, आणि ते हो म्हणाल्यावरही नुसत्या शब्दावर सोडत नाही; याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो. हा अध्याय वाचून झाला की लगेच काही बोलू नकोस. थोडं थांब. कोणीतरी खाकरतंच.

उचल म्हणजे दुसरं काय आहे? पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम पैसे देतो. दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते ट्रकमध्ये भरून बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांवर जातात. तिथे खावटीला मिळालेलं धान्यही खात्यावर चढतं. हिशोब होतो तो हंगाम संपल्यावर, होळीच्या पुढे, आणि होतो तो मुकादमाच्या वहीवरून. उचलीवर दीडपट कापून घेणारे मुकादम मी पाहिलेत. सहा महिने ऊस तोडून जोडपं उलटं देणं अंगावर घेऊन परततं आणि पुढच्या वर्षी त्याच्याच ट्रकमध्ये चढतं. शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं याकोबाच्या पत्रात आहे, ते उपमा म्हणून लिहिलेलं नाही.

याच्यावर मोर्चा काढण्याआधी वही काढ. प्रत्येक टोळीत बारावी झालेलं एखादं पोर असतंच. त्याला रोज चार गोष्टी लिहायला शिकव: तारीख, गाडीचा नंबर, गाडी कोणत्या कोयत्यांनी भरली, वजनाची चिठ्ठी पाहायला मिळाली का. चिठ्ठी मिळाली तर मोबाइलवर फोटो. खावटी किती आणि कधी घेतली तेही. हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीसमोर दुसरी वही आली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि जिथे माणसाला 'उचल फिटल्याशिवाय जायचं नाही' म्हणून अडवून ठेवलं असेल, तिथे तो मजुरीचा तंटा राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली येतो. मग तालुक्याच्या कामगार अधिकाऱ्याच्या मागे लागत बसू नकोस, जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्याकडे लेखी जा आणि मुक्तीचं प्रमाणपत्र माग. ते हातात आलं की ते कर्जच कायद्याने बुडालं.

आता वनदाव्यांकडे येतो, कारण जन्मभराचं काम म्हणतेस ते खरं इथे आहे.

बायबलातली राजा अहाब आणि नाबोथाच्या मळ्याची गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण मुलांना शिकवतो ती लोभाची म्हणून. ती कागदाची गोष्ट आहे. वाडवडिलांची जमीन विकणार नाही एवढंच नाबोथ म्हणाला. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाचा शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे केले. सगळं रीतसर. माणूस दगडांनी मेला आणि मळा राजाच्या ताब्यात गेला, आणि त्या दप्तरात बघायला गेलीस तर एकही कागद कमी नसणार. आपल्याकडे उलटं आहे: माणूस तीन पिढ्या जमीन कसतोय आणि दप्तरात त्याचा एकही कागद नाही. 'आमनं नाव कागदवर नही', साक्रीकडे हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे मान्य केलं की हा अन्याय इतिहासाने केलाय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब कसत असेल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा ग्रामसभेपुढे, तिच्या वनहक्क समितीने पडताळणी करायची, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. कागदावर सोपं दिसतं. दावे पडतात ते 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांवर. नियमात एकापेक्षा जास्त पुरावे म्हटलंय, अमुकच पुरावा हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. उपग्रहाचा नकाशा जोडीला घ्यायचा, तो बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, हे २०१२ च्या सुधारणेत स्पष्ट आहे. हे तोंडपाठ कर, कारण तुला समोरून रोज ऐकवतील की नकाशात झाडं दिसतात.

पुरावा कुठे सापडतो ते एका घरातलं सांगतो. साक्री तालुक्यातला पाडा. आजी म्हणाली, आमच्याकडे काहीच नाही. मी म्हटलं, ट्रंक उघडा. रेशनकार्ड, नातवाचा बोनाफाइड, कुणाचा तरी मृत्यूचा दाखला, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं शुभवर्तमान. त्याच्या पानांत घडी घालून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या. वनखात्याने तिच्या सासऱ्याला सत्तरच्या दशकात दंड केला होता, जंगलात नांगरट केली म्हणून. घरच्यांना त्या पावत्यांची लाज वाटायची, गुन्ह्याचा कागद म्हणून लपवलेल्या. खरं तर त्याहून चांगला पुरावा नाही. सरकारनेच लिहून दिलंय की हा माणूस त्या साली त्या जागी नांगरत होता! शाई उडाली होती, पण जंगलाच्या तुकड्याचा कंपार्टमेंट नंबर वाचता येत होता.

मग पडताळणीची फेरी. त्या दिवशी घाई करू नकोस. म्हाताऱ्याला पुढे चालू दे, तो आपोआप हद्दीवरून चालतो. बांधावर रचलेले दगड, नांगराने उखडून कडेला टाकलेले, त्यांच्यावर शेवाळ किती जुनं आहे बघ. महू (मोहाचं झाड) कोणाच्या वाट्याचा, विहिरीचं कडं कधी बांधलं, मेलेल्यांचे दगड कुठे आहेत. हे सगळं पंचनाम्यात उतरव. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्क माणसाचा जबाब लेखी घे. तो नियमात पुरावा म्हणून धरलेला आहे, आणि आपल्याकडचा अर्धा इतिहास तेवढ्यातच आहे. वनखात्याला आणि तलाठ्याला आधी लेखी कळव, पोच ठेव. नंतर 'आम्हाला बोलावलंच नाही' हे म्हणायला त्यांना जागा उरू देऊ नकोस.

पोच हा शब्द आलाच आहे तर: 'ठेवून जा, बघतो' असं म्हणणाऱ्या टेबलावर कधीही अर्ज ठेवायचा नाही. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. शिक्का घरी नेलाय असं सांगतील, तर तिथेच बसून राहायचं. येशूच्या दाखल्यातल्या त्या विधवेने फेऱ्या मारमारून अन्यायी न्यायाधीशाला कसं टेकीला आणलं ते तू वाचलंच आहेस. येशूने तो दाखला प्रार्थनेसाठी दिला हे खरं, पण बाईची कार्यपद्धत बिनचूक आहे.

नामंजुरीचं उत्तर लेखी आणि कारणांसह, दावेदाराच्या हातात मिळालं पाहिजे. मिळालं नसेल तर अपिलाची साठ दिवसांची मुदत सुरूच झालेली नाही, असा मुद्दा मांड. कागद देत नसतील तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. जिल्हा समितीनेही नाकारलं तर आपल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दाद मागता येते. आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही हुसकता येत नाही, कलम ४(५). फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश आला तेव्हा पाड्यापाड्यावर घबराट उडाली होती. दोन आठवड्यांत तो स्थगित झाला, पण ज्यांच्याकडे कागद जमा होते तेच त्या दिवसांत झोपू शकले.

तू बाई आहेस म्हणून एक मुद्दाम सांगतो. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, कायद्यातच आहे. अर्ज भरताना बायकोचं नाव राहून जातं, कारण लिहिणारे पुरुष असतात. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका लागतात, ग्रामसभेच्या हजेरीतही. तुझ्या मंडळीचं महिला मंडळ दर आठवड्याला जमतं, हजेरी घेतं, आळीपाळीने बोलतं. अशा सवयीच्या बायका दुसरीकडे सहज मिळत नाहीत. त्यांना ग्रामसभेत ने, मंडळ म्हणून नव्हे, गावच्या बायका म्हणून.

इथेच ते पथ्य. काही नियम मी स्वतःवर घातले आणि सगळ्यांना घालायला सांगतो. फाइलच्या कामाला कोणाच्या घरी गेलो की प्रार्थना करायची नाही. त्यांनी मागितली तर दुसऱ्या दिवशी वेगळं यायचं. बैठक चर्चच्या हॉलमध्ये नाही, शाळेच्या ओट्यावर किंवा झाडाखाली. गावातली पहिली फाइल जाईल ती ख्रिस्ती नसलेल्या पाड्याची. आणि मंडळीच्या खात्यातून कामाला एक रुपया नाही, परदेशी देणगीचा तर विचारच नाही. कडक वाटेल. पण तू ज्या दिवशी 'चर्चवाली' ठरशील त्या दिवशी तुझ्या फाइलींतल्या सगळ्या दावेदारांचं नुकसान होईल, आणि त्यांतले बहुतेक चर्चचे नसतील.

हेही पक्कं माहीत असू दे: अनुसूचित जमातीच्या दर्जाला आजच्या कायद्यात धर्माची अट नाही. मावची, गावीत, भिल्ल, कोकणी, पावरा, कोणीही ख्रिस्ती झाला म्हणून आदिवासी असायचा थांबत नाही, आणि त्याचा वनदावा धर्मावरून नाकारता येत नाही. डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्यांना जमातींच्या यादीतून काढण्याची, मागणी करणारे मोर्चे निघतात, त्यामुळे गावात लोकांचा गोंधळ होतो. शांतपणे कायदा सांग आणि पुढे चल. अनुसूचित जातीचं तसं नाही. १९५० च्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. भुसावळ-जळगावकडच्या मंडळ्यांत ही जखम जुनी आहे. आपल्या आदिवासी मंडळ्या त्याबद्दल गप्प बसतात, ते मला पटत नाही.

मंडळीकडून घ्यायचंच तर तिची दप्तरं घे. बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची जुनी रजिस्टरं. आजोबाचं नाव, गाव, साल त्यांत असतं. एकटं रजिस्टर पुरत नाही, पण जबाबाला आधार देतं. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचं वास्तव्य दाखवायची वेळ आली की तेही उपयोगी पडतं. वडीलजनांना हे काम सांग. 'मोर्चात या' म्हटलं तर घाबरतील, 'जुनी रजिस्टरं वाळवीपासून वाचवून त्यांचे फोटो काढू या' म्हटलं तर स्वतः कपाटाची किल्ली आणतील. मग हळूहळू त्यांना दिसतं की कोणाची जमीन कुठे गेली. उकाईच्या पाण्याखाली जमिनी गेलेल्या घरांची नावं त्याच वह्यांत आहेत.

आणि न्यायाचं काम ख्रिस्ती लोकांनी खानदेशात आणलं अशा भ्रमात राहू नकोस. तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्लांना दारू सोडायला लावली. हजारोंनी लोक आरतीला जमायला लागले तेव्हा सरकारला धडकी भरली. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती, लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, सालदारांच्या (सालाने राबणाऱ्या शेतमजुरांच्या) आणि गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर उभे राहिले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली आणि भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली. १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आला तो अशा लढ्यांच्या काळात. नर्मदेकाठी मणिबेलीपासूनची तेहतीस गावं सरदार सरोवरात आली, त्यांची लढाई तर तुझ्या डोळ्यांसमोर आहे. अमळनेरचे साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले ते देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. या माणसांतले बहुतेक श्रद्धावान होते, आपापल्या देवाचे. त्यांच्या वारसांबरोबर बसायला शीक. लाल झेंडेवाल्यांबरोबरही. कोणाच्या सभेत घोषणा आपल्याला देववत नसेल तर गप्प उभं राहायचं, पण उभं राहायचं.

आपल्यातले म्हणशील तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, २०२४ मध्ये गेले. हरित वसईची चळवळ त्यांनी जमीन आणि पाणी वाचवायला उभी केली, धमक्या सोसल्या, आणि हे करताना पाद्रीपण सोडलं नाही. झारखंडचे स्टॅन स्वामी आदिवासींच्या जमिनी आणि तुरुंगातल्या पोरांसाठी झिजले. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली, ५ जुलै २०२१ ला विचाराधीन कैदी असतानाच गेले. हे तुला घाबरवायला सांगत नाही. जन्मभर म्हणतेस तेव्हा शेवट कसाही असू शकतो हे घरच्यांना माहीत असलेलं बरं. आपल्या स्तरावर बहुधा एवढंच येतं: मोर्चाच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलाकरवी नोटीस. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची असायची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. ती गुन्ह्याची नसते. वाचायची, प्रत ठेवायची, सही करताना 'मिळाली' एवढंच लिहायचं.

थकायचं म्हणशील तर सगळेच थकतात. जे टिकले त्यांच्यात मला तीन-चार गोष्टी दिसल्या. त्यांचं पोट या कामावर नव्हतं. कोणी शिक्षक, कोणी एसटीत, कोणाची कोरडवाहू जमीन. प्रकल्पाच्या पगारावर आलेले प्रकल्पाबरोबर गेले. दुसरं, त्यांनी निवडणूक लढवली नाही. हे माझं मत आहे, वाद घालायला तयार आहे. तिसरं, त्यांच्याबरोबर दुसरं कोणी होतं. लूकाच्या दहाव्या अध्यायात दोघा-दोघांना पाठवलंय, त्यात शहाणपण आहे: एकजण साहेबाशी भांडतो तेव्हा दुसरा आवक क्रमांक लिहून घेतो. आणि रविवार. रविवारी मी फाइल उघडत नाही, कोणी तहसीलमधून फोन केला तरी. माझ्या शेजारच्या बाकावर असाही एकजण बसतो ज्याच्याविरुद्ध मी हिशोबाची तक्रार केलेली आहे. प्रभुभोजनाला आम्ही एकाच रांगेत असतो. त्याला ते आवडत नाही, मलाही फार आवडतं असं नाही. पण मंडळी सोडली असती तर तो मला कोर्टातच भेटला असता, आणि त्याच्या मुलाने मागच्या हंगामात टोळीची वही लिहिली ती लिहिली नसती.

आता कामाचं. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ऊसतोडीची माणसं गावात परतलेली असतात, सालदारांचेही नवे साल तेव्हाच ठरतात, म्हणून तो आठवडा वाया घालवू नकोस. एक साधी वही घे, घरोघर फीर. नामंजुरीचा कागद मिळालाय का, कधी मिळाला, हातात की नुसतं तोंडी कळलं. ट्रंका उघडायला लाव. पाऊस सुरू होण्याआधी हद्दीच्या फेऱ्या उरक, नंतर गवतात बांध दिसत नाहीत. पहिली दहा-बारा नावं जमली की मला कळव, अपिलाचा नमुना पाठवतो. पण अर्ज हाताने लिही, दावेदाराच्या घरच्या पोराकडूनच लिहून घेतलास तर उत्तम. छान टाइप केलेला अर्ज दिसला की कारकून कागद वाचायच्या आधी विचारतो, कोणत्या संस्थेचा?